प्रभावती टिपणीस हिची गाडी, रहिवास आणि कबुली

मी, प्रभावती उपेंद्र टिपणीस, माहेरची कर्णिक, वय त्रेपन्न, बायकांना मोटार चालवायला शिकवण्याची नोकरी करणारी, आज शुक्रवारी सकाळी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. अक्षर वाकडे आले तर त्याचे कारण बोटे आहेत, डोके नव्हे. डोके ठिकाणावर आहे. कुणी दटावलेले नाही, कुणी फूस लावलेली नाही. माझ्यावर जबरदस्ती करू शकणारा एकच माणूस होता आणि तो आता ते करू शकत नाही. ते कसे झाले हे पुढे येईल.

मी कुठे राहते, हे कायद्याला हवे असते. कागदोपत्री मी उम्म अल क्वैनच्या जुन्या वस्तीतल्या एका बैठ्या घरात राहते. भाडेकरार आणि विजेचे बिल माझ्या नावावर आहे. प्रत्यक्षात गेली पावणेसहा वर्षे मी आणि माझी मुलगी अस्मी एका चाकांच्या घरात राहतो. जर्मन बनावटीची १९९१ सालची कारवान गाडी आहे. कधी जबल अलीचा किनारा, कधी कुद्राचे वाळवंट, सुट्टीत फुजैरा. कोर्टाने कागदावरचे घर खरे धरावे. त्यासाठी मोठी किंमत दिलेली आहे.

येत्या मंगळवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नर्सने विचारले, "मॅडम, जवळचे नातेवाईक कोण?" मला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की तिने पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला. नंतर टायपिंग सेंटरमधल्या माणसाने सांगितले की कागद केला नाही तर मुलीचा ताबा बापाकडे जाऊ शकतो, कारण आमचा घटस्फोट झालेला नाही. म्हणून हा खटाटोप. अरबी भाषांतर सोबत जोडले जाईल, पण खरे ते हे मराठी.

कलम १. माझी मुलगी अस्मी, वय सोळा, कायद्याने अज्ञान आहे. माझ्या मागे ती सज्ञान होईपर्यंत तिची पालक म्हणून मी कुबरा हिला नेमते. हे मृत्युपत्र अमलात आणायचे तेही तिनेच. कुबरा मूळची हैदराबादची, विधवा, उम्म अल क्वैनला घरीच बायकांचे काळे अबाये शिवते. ती माझी विद्यार्थिनी होती आणि रस्त्यावरच्या परीक्षेत आठव्या खेपेला पास झाली. अस्मीने काय खावे, कुठल्या देवाला हात जोडावे किंवा जोडू नयेत, हे अस्मी ठरवेल. कुबराला मी हे विचारले तेव्हा ती शिवण न थांबवता म्हणाली, "बाजी, बच्ची तो मेरीच है. कागज तुम बना लो."

कोर्टाने विचारले की बाप जिवंत असताना परक्या बाईकडे मुलगी का, तर पुढचे कलम वाचावे.

कलम २. शुक्रवार, ६ फेब्रुवारी २००९. आम्ही दुबई मरीनात चोविसाव्या मजल्यावर राहत होतो. माझे यजमान उपेंद्र एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. मारहाण लग्नापासूनची, पण वर्षातून दोन-चार वेळा, आणि वळ कपड्याखाली झाकले जातील अशी. मंदी आली तशी ती महिन्यावर आली, मग आठवड्यावर. क्रेन थांबल्या, अल रीम आयलंडवर त्याने घेतलेला फ्लॅट खड्ड्यातच राहिला, आणि आदल्या दिवशी, गुरुवारी, त्याच्या हातात नोकरी संपल्याचे पत्र पडले.

शुक्रवारी दुपारी मी वरणाला फोडणी देत होते. तो ओट्याजवळ आला.

"तुझी नोकरी आहे. मजेत आहेस ना?"

"मी काही बोलले का?"

"बोलत नाहीस, तेच."

त्याने कुकरचे झाकण उचलून माझ्या तोंडावर मारले. दोन दाढा तिथेच पडल्या. मी आधारासाठी ओटा धरला, तर उजवा हात उघड्या ड्रॉवरच्या कडेवर पडला. त्याने आधी हाताकडे पाहिले, मग गुडघ्याने ड्रॉवर बंद केला. चार वेळा. या देशात गिअरचा हात उजवा असतो आणि माझे पोट त्या हातावर चालते, हे त्याला पक्के माहीत होते.

बाहेर सोफ्यावर माझा मुलगा देवांश मॅच बघत होता. तिसऱ्या वेळी मी ओरडले तेव्हा टीव्हीचा आवाज वाढला. अस्मी तेव्हा दहा वर्षांची होती. ती धावत आली आणि बापाच्या दंडाला चावली. त्याने तिला उचलून फ्रिजवर आपटले. तिच्या अंगाला त्याने हात लावल्याची ती पहिली वेळ. तोवर मी पंधरा वर्षे या देशात आणि अठरा वर्षे त्याच्या घरात काढली होती. त्या आवाजानंतर अठरा दिवससुद्धा काढले नाहीत.

डॉक्टरला मी सांगितले की पडले. उपेंद्र शेजारीच उभा होता. परत येताना गाडीत तो म्हणाला, "पोलिसात गेलीस तर लक्षात ठेव, तुझा व्हिसा माझ्या सहीवर आहे. मी एक फॉर्म भरला की खलास. तीस दिवसांत विमानात."

कलम ३. माझा भाऊ विजयकुमार कर्णिक, राहणार कोथरूड, पुणे. त्याच रविवारी मी त्याला प्लॅस्टरमधल्या हाताने फोन केला. तो म्हणाला, "प्रभा, त्याचं पण बघ ना जरा. मार्केट खराब आहे. थोडं अ‍ॅडजस्ट कर." त्याला मी माझ्या उजव्या हाताच्या एक्स-रेची फिल्म ठेवते. कारवानच्या वरच्या कपाटात खाकी पाकिटात आहे. उजेडासमोर धरून बघावी. बाकी काही ठेवत नाही.

कलम ४. गाडी. आमच्याच मजल्यावर एक जर्मन कुटुंब होते. त्यांचीही नोकरी गेली आणि आठवड्यात देश सोडायचा होता. त्यांची कारवान खाली पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. अठरा हजार दिरहम, म्हणजे तेव्हाचे दोन लाख चौतीस हजार रुपये. मी आईच्या पाटल्या विकल्या. उपेंद्र इंटरव्ह्यूला गेला असताना सकाळी दहा वाजता अस्मीला घेऊन खाली उतरले आणि प्लॅस्टर लावलेल्या हाताने पहिला गिअर टाकला. देवांशला म्हटले, चल. तो म्हणाला, "मम्मा, जस्ट से सॉरी टू हिम. प्लीज." तो आला नाही.

ही गाडी, तिची मुल्किया म्हणजे नोंदणीचे कार्ड, गॅसची शेगडी, छपरावरची पाण्याची टाकी आणि आतले सर्व सामान अस्मीचे. तिला हवी तर तिने चालवावी, नको असेल तर विकावी. पुढची काच नवी आहे. डाव्या दाराचा पोचा मी मुद्दाम काढलेला नाही.

कलम ५. इथे रहिवासाची गोष्ट लिहिणे भाग आहे, कारण अस्मीचे या देशातले नाव तिच्यावर उभे आहे.

उपेंद्रला शारजात एका लहान ठेकेदाराकडे अर्ध्या पगारावर काम मिळाले. त्याने मुलांचे व्हिसा तिथून काढले. माझा काढला नाही. माझ्याबरोबर शिकवणारी छाया हिने मॅनेजरच्या केबिनबाहेर सलग नऊ दिवस जेवणाच्या सुट्टीत ठाण मांडले, तेव्हा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलने मला आपल्या नावावर घेतले. माझ्या व्हिसाला घर लागत नव्हते, कंपनीची पोस्टपेटी पुरत होती. अस्मी शाळेचा फॉर्म भरताना विचारायची, "मम्मा, अ‍ॅड्रेसमध्ये व्हॉट डू आय राइट?"

"पोस्टपेटीचा नंबर लिही."

"दॅट्स युअर ऑफिस."

"पत्रं तिथेच येतात."

पण अस्मीचा व्हिसा बापाकडे होता, आणि तो मार्च २०१२ मध्ये संपणार होता. त्या तीन वर्षांत त्याने आम्हाला दोनदा शोधून काढले. एकदा जबल अलीला चारही टायर चाकूने फाडले. दुसऱ्या वेळी ड्रायव्हिंग स्कूलच्या फाटकात, माझ्या विद्यार्थिनींसमोर, माझे केस धरून बॉनेटवर डोके आपटले. कपाळावर सहा टाके आहेत. दोन्ही वेळा जाताना एकच वाक्य, "मार्चमध्ये मुलगी माझ्याकडे येईल. नाहीतर कुठेच राहणार नाही."

आईने मुलीला आपल्या व्हिसावर घ्यायचे तर काय लागते हे मी टायपिंग सेंटरमध्ये विचारले. नोंदवलेला भाडेकरार, विजेचे बिल, पगाराचा दाखला आणि बापाचे ना हरकत पत्र. मी म्हटले, माझे घर बाहेर पार्किंगमध्ये उभे आहे. तो केरळी माणूस हसला नाही. म्हणाला, "मॅडम, पहिया वाला घर नहीं चलेगा. दरवाजे पे नंबर मंगता."

दारावर नंबर कुबराने दिला. तिच्या घराचा करार माझ्याही नावावर करायला घरमालक तयार झाला. मी संकोचले तर म्हणाली, "नक्को सोचो. मेरेकू सात बार फेल होने दिये तुम, एक बार भी नहीं चिल्लाये." महिन्यातून एकदा जाऊन तिथल्या खोलीतला पंखा आणि दिवा मी दिवसभर चालू ठेवायची, म्हणजे माझ्या मीटरवर माणूस राहत असल्याचे दिसे. तीन कागद जमले. चौथा बापाच्या हातात होता. मी त्याला फोन केला आणि सरळ मागितला. तो म्हणाला, "कुठे आहेस? येतो सही करायला." मी सांगितले. पंधरा वर्षे बायकांना अंदाज घ्यायला शिकवणाऱ्या मी.

कलम ६. कबुली. हे कलम माझ्या मुलांनी पूर्ण वाचावे.

शुक्रवार, १० फेब्रुवारी २०१२, सकाळी अकरा. गाडी उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यावर उभी होती. अस्मी आत टेबलाशी गणिते सोडवत होती. मी बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होते. एक पिकअप आला. चालवत होते बाबाजी, उपेंद्रच्या साइटवरचे फोरमन, मूळचे जतकडचे. उपेंद्र उतरला तेव्हा त्याच्या हातात परांचीचा लोखंडी पाइप होता, उंच इमारतीला बाहेरून बांधतात तो.

मी विचारले, "पत्र आणलंस?"

त्याने पाइप माझ्या डाव्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग तो आत शिरला आणि अस्मीला वेणी धरून बाहेर ओढली. पायरीच्या पत्र्यावर तिचे डोके आपटले आणि रक्ताने तिचा एक डोळा भरला. मी त्याच्या मनगटाला दातांनी धरले. जिथे दाढा नव्हत्या तिथून चावता येत नव्हते, पुढच्या दातांनी चावले. वेणी सुटली. अस्मीला आत ढकलून मी दार लावले आणि पुढच्या सीटवर चढले. तो समोर आला आणि काच फोडू लागला. पहिल्या घावात जाळे झाले, दुसऱ्यात भोक. भोकातून तो म्हणाला, "उतर. दोघींना इथेच पुरतो."

मी गाडी सुरू केली आणि पुढे घेतली. भीतीने घेतली. तो पडला आणि डावे चाक त्याच्या पायावरून गेले.

गाडी थांबली. तो जिवंत होता आणि पाइप अजून त्याच्या हातात होता. आता मला नुसते निघून जाता आले असते. समोर रस्ता मोकळा होता. मी बायकांना शिकवते की मागे जाण्याआधी तिन्ही आरसे बघ. मी तिन्ही आरसे बघितले. डाव्या आरशात तो दिसत होता, कोपरांवर सरकत होता. मी रिव्हर्स गिअर टाकला आणि त्याच पायावरून गाडी मागे आणली.

पहिली वेळ अपघात म्हणा. दुसरी वेळ माझी.

बाबाजी पिकअपजवळ उभे होते. ते सगळे बघत होते. मग डोक्याचा पंचा सोडून ते आले, त्याची मांडी घट्ट बांधली आणि मला म्हणाले, "बाई, आता उतरू नका. पोलिसांशी मी बोलतो." त्यांनी पोलिसांना सांगितले की साहेब गाडीपुढे वाकून काही बघत होते, बाईंना दिसले नाही, आणि त्या झटक्यात काच फुटून मायलेकींनाही लागले. मला एक दिवस ठाण्यात ठेवले. उपेंद्रनेही हॉस्पिटलात तेच सांगितले, कारण बाबाजींनी त्याच्या कानात सांगून ठेवले होते, "साहेब, खरं बोललात तर पाइप कुणाच्या हातात होता हे पण मी बोलणार."

मी नंतर बाबाजींना विचारले की तुम्ही असे का केलेत. ते म्हणाले, "तीन वर्षं साहेब आम्हाला साइटवर हेल्मेटनं मारायचे. स्वतःचं काढून. एका बिहारी माणसाचा कान गेला. तेव्हा मी गप बसलो होतो."

पाचव्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. पाय गुडघ्याखाली कापला होता. चादर तिथे सपाट झाली होती. माझा हात गळ्यात बांधलेला. मी ना हरकत पत्र त्याच्या छातीवर ठेवले.

तो म्हणाला, "पाय घेतलास. आता मुलगी पण?"

"हो."

"आणि नाही केली सही तर?"

"दुसरा पाय आहे."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितले. अठरा वर्षे मी त्याच्याकडे जशी बघत होते, तसे. मग पेन मागितले. अस्मीचा रहिवास असा झाला. शिक्का मारताना अधिकाऱ्याने तिला विचारले, "व्हेअर इज युअर होम?" ती म्हणाली, "विथ माय मदर, सर." त्याने शिक्का मारला.

मला वाईट वाटते का? पहिल्या वेळेचे नाही. दुसऱ्या वेळेचे काही दिवस वाटते, काही दिवस वाटत नाही. दुसरा पाय आहे असे म्हटले, त्याचे मात्र रोज वाटते, कारण ते म्हणताना मला बरे वाटले होते.

कलम ७. उपेंद्र न वटलेल्या चेकच्या केसमध्ये आठ महिने तुरुंगात होता. आता तो मुहैस्नाहला, सोनापूरच्या कामगार वस्तीत, बाबाजींच्या खोलीत आठ माणसांबरोबर राहतो आणि साइटवर हजेरी लिहितो. नोकरीअखेर मला मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीतून त्याला दर चार वर्षांनी नवा कृत्रिम पाय घेऊन द्यावा. पैसे त्याच्या हातात द्यायचे नाहीत, दुकानात भरायचे. ही माफी नाही. मी मोडले, मी भरते. त्याने माझ्या दाढांचे काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे.

कलम ८. बँकेतली शिल्लक देवांश आणि अस्मी यांना निम्मी निम्मी. देवांश आता पुण्यात नोकरी करतो. दर रविवारी फोन करतो आणि हवेविषयी बोलतो. देवांश, तू सोळा वर्षांचा होतास आणि घाबरला होतास. मी पण आईच्या घरी बाबांचा आवाज चढला की पुस्तक मोठ्याने वाचायची. लग्न करशील तेव्हा बायकोला ही गोष्ट स्वतः सांग, लग्नाआधी. तेवढीच अट आहे.

छायाला काही ठेवत नाही, कारण साक्षीदाराला देता येत नाही म्हणतात. ती म्हणाली, "मग तुझा तो चिकटवायचा आरसा आत्ताच दे." दिला. बुटक्या बायकांना बसायला दिलेली उशीपण दिली.

मला इथेच जाळावे. पुण्याला नेऊ नये.

कलम ९. हे कलम सर्वांसमोर वाचून दाखवल्यानंतर वाढवले आहे.

कुबराच्या ओसरीवर मी वरचे सगळे मोठ्याने वाचले. बाबाजी, छाया, कुबरा आणि अस्मी बसले होते. सहावे कलम संपले तेव्हा बाबाजी म्हणाले, "बाई, मागं घेतल्याची ओळ काढा. कागद कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही."

मी म्हटले, "मुलांना माझ्याकडूनच कळायला हवं."

अस्मी उभी राहिली. म्हणाली, "यू रोट इट राँग."

"काय चुकलं?"

"यू डिडन्ट डिसाइड. आय सेड इट. मी मागून म्हटलं होतं, मम्मा, गो बॅक. अगेन." तिचे ओठ पांढरे पडले होते. "यू हर्ड मी. यू लुक्ड अ‍ॅट मी इन द मिरर."

कुबराने छायाला विचारले, क्या बोली, आणि छायाने सांगितले नाही.

म्हणून लिहिते. होय, मी ऐकले होते. मधल्या आरशात तिचा एक डोळा रक्ताने मिटलेला आणि दुसरा माझ्यावर रोखलेला होता. पण अस्मी, शिकाऊ गाडीत ब्रेक दोन असतात. चाक धरणारा घाबरतो, ओरडतो, काहीही म्हणतो. गाडी कुणाला लागली तर पोलीस त्याला विचारत नाहीत. शिकवणाऱ्याला विचारतात, कारण दुसरा ब्रेक त्याच्या पायाखाली असतो. त्या दिवशी गाडीत एकच ब्रेक होता आणि तोही माझ्या पायाखाली. तू तेरा वर्षांची होतीस. तू काय म्हणालीस ते म्हणण्याचा तुला हक्क होता. मी काय केले ते माझे आहे. गाडी तुझी, पैसे दोघांचे, पण हे कृत्य मी कुणालाही ठेवत नाही. ते माझ्याबरोबर जाळावे.

अस्मीने हे वाचले. त्या शुक्रवारनंतर दोन वर्षे नऊ महिने ही मुलगी रडलेली मी पाहिली नव्हती. ती कुबराच्या मांडीवर डोके ठेवून रडली, बराच वेळ, आवाज करून. ती थांबेपर्यंत सह्या थांबवल्या होत्या. आता करतो.

लिहून ठेवणार: प्रभावती उपेंद्र टिपणीस (सही उजव्या हाताची)

वरील मजकूर आमच्यासमोर वाचला गेला, तो प्रभावतीबाईंनी कबूल करून आमच्यादेखत सही केली, आणि आम्ही एकमेकांच्या देखत सह्या केल्या:

१. बाबाजी, फोरमन, राहणार मुहैस्नाह, दुबई. कलम ६ मधले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२. छाया, ड्रायव्हिंग शिक्षिका, राहणार अल कुसैस, दुबई.

स्थळ: उम्म अल क्वैन
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१४